दाढेची जागा

“काका, बरोबर कोण आलंय?”

शत्रुघ्नदादा दवाखान्याच्या खुर्चीत आडवे झाले होते. मागच्या आठवड्यात याच प्रश्नाला त्यांनी “कोनी नाय” असं खरं उत्तर दिलं होतं, आणि डॉक्टर जागृतींनी दाढ न काढताच त्यांना परत पाठवलं होतं. वय सत्तरीला टेकलेलं, बीपीच्या गोळ्या चालू; बरोबर माणूस पाहिजेच, म्हणाल्या. मग अख्खा आठवडा त्यांनी दाढेत लवंग धरून काढला होता.

“हाय ना,” ते म्हणाले. “भायेर बसलंय.”

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. अर्धा जबडा हळूहळू परका झाला. दाढ निघाली तेव्हा दुखलं नाही, कानाच्या आत काहीतरी मोडल्याचा आवाज तेवढा झाला. मग डॉक्टरांनी एक लहानशी वाटी पुढे धरली. तिच्यात पांढरे बारीक दाणे होते, मिठागरातल्या मिठासारखे.

“हे खड्ड्यात भरायचं. हाडाचे दाणे.”

“कोनाचं हाड?” बधिर ओठांतून शब्द नीट निघाला नाही.

“कोणाचं नाही हो, बनवलेलं आहे. दाढ गेली की तिथलं हाड झिजत जातं, काका. त्याला धरून ठेवायला काही उरत नाही ना. हे भरलं की जागा राहील. चार-पाच महिन्यांनी तिथे दात बसवू.”

शत्रुघ्नदादांना अजून काही विचारायचं होतं, पण तोवर तोंडात नळी आली.

दाणे भरून झाले, वर पातळ पडदा बसला, टाके पडले. शेवटी डॉक्टरांनी कापसाची घडी ठेवली. “तासभर दाबून धरा. तोपर्यंत अजिबात बोलायचं नाही.”

एरवी ही अट त्यांना जड गेली नसती. पण डॉक्टर त्यांच्याआधीच दार उघडून बाहेर गेल्या.

बाहेर बाकावर एकच बाई बसल्या होत्या. साठीच्या, सुती साडीतल्या. डॉक्टर थेट त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“काकू, नीट झालंय सगळं. बीपीही ठीक होतं. आता तुम्ही लक्ष ठेवा. आज थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही. गरम काही नको. थंड आणि मऊ द्या. पेज दिलीत तरी गार करून. जीभ सारखी तिथे जाईल, जाऊ देऊ नका. झोपताना उशी उंच.”

शत्रुघ्नदादा मागून मान हलवत राहिले, नाही, नाही. घशातून हुंकार निघाला.

“बोलू नका म्हटलं ना,” डॉक्टर वळून म्हणाल्या.

बाईंनी एकदा शत्रुघ्नदादांकडे पाहिलं. त्यांचा सुजलेला गाल पाहिला, मिटलेले ओठ पाहिले. मग डॉक्टरांना विचारलं, “बीपीची गोळी द्यायची ना रोजची?”

“द्यायची. बरं झालं विचारलंत.”

“आणि रात्री रक्त आलं तर?”

“थोडं लाल येईल थुंकीत, घाबरू नका. जास्त आलं तर कापूस दाबून धरा आणि मला फोन करा. कितीही वाजले असले तरी.”

“बरं,” बाई म्हणाल्या.

डॉक्टर आत गेल्या. शत्रुघ्नदादा बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. दोघांच्या मध्ये एका माणसाची जागा उरली. बाहेर नायगावच्या नव्या टॉवरांपैकी कुठल्यातरी टॉवरवर कामाचा ठोका पडत होता.

“मी सांगायला पाहिजे होतं त्यांना,” बाई समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाल्या. “तोंडाशी आलं होतं, मी यांची कोणी नाही म्हणून. पण आमचे हे आजारी होते तेव्हा डॉक्टर सगळं मलाच सांगायचे. हे द्या, ते देऊ नका. ते गेल्यापासून असं कोणी काही सांगितलंच नाही. म्हणून ऐकत बसले.”

शत्रुघ्नदादांनी मान डोलावली.

“घरी कोण आहे?”

त्यांनी मान हलवली नाही. नुसते पायांतल्या चपलांकडे बघत राहिले. बाईंना कळलं.

“मग रक्त आलं तर?” त्यांनी विचारलं. या वेळी आवाज बारीक होता, आणि विचारायला डॉक्टर समोर नव्हत्या.

आतून मदतनीस सुझान हातातल्या कागदावरचं नाव बघत आली. “विमलाकाकू तुम्हीच ना? चला. कवळीचं माप घ्यायचंय.”

विमलाबाई उठल्या. पायाशी ठेवलेली कापडी पिशवी त्यांनी उचलली. वाडीतली केळी होती, वर अळूची पानं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि पिशवी शत्रुघ्नदादांच्या मांडीवर ठेवली.

“एवढी बघाल? उमेळ्याहून आणलीय, खाली ठेवली की केळी दबतात.”

उत्तराची वाट न बघता त्या आत गेल्या. दार लागलं.

थोड्या वेळाने सुझान काहीतरी न्यायला बाहेर आली. शत्रुघ्नदादा तसेच बसले होते, गाल सुजलेला, दोन्ही हात पिशवीवर.

“अहो काका, तुमचं झालं कधीच. काकूंना वेळ लागेल. पिशवी द्या माझ्याकडे, मी ठेवते. तुम्ही जाऊन पडा घरी.”

तिने हात पुढे केला.

शत्रुघ्नदादांनी कापूस घट्ट चावला, मान हलवून नाही म्हटलं, आणि पिशवी अजून थोडी जवळ ओढून घेतली.