तिन्हीसांजेचं विचारणं

"याला दोस्त कोण कोण आहेत?" डॉक्टरांनी विचारलं.

राजाबाईनं रवळूकडं पाहिलं. तीस वर्षांचा लेक चौऱ्याऐंशी सालच्या भर वैशाखात स्वेटर घालून, खुर्ची भिंतीला टेकवून बसला होता. दोस्त म्हणावा असा कुणी तिला आठवेना. उद्यमबागेच्या कारखान्यात तो एकटाच जेवायचा. बसमधली माणसं आपल्याबद्दलच बोलतात म्हणून महिनाभर तिकडंही फिरकला नव्हता. गावाहून, बेळगुंदीहून, त्याला या दवाखान्यापर्यंत आणताना तिच्या नाकी नऊ आले होते.

"कोण न्हाय," ती म्हणाली. "ल्हानपणापास्नं असाच हाय. पण देवाचं माणूस हाय बघा. त्याचा बा जाऊन आठ वर्सं झाली, अजून ह्याच्यासंगट बोलत्यात. तिन्हीसांजंला दारात येऊन हुबं ऱ्हात्यात."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "तुम्हाला दिसतात?"

"मला कुठलं दिसायला? मी इचारती आन् ह्यो सांगतोय."

"रोज विचारता?"

"रोज." सांगताना तिला थोडा अभिमानच वाटला. गावात विधवा काय कमी होत्या? पण नवऱ्याचा शब्द रोज कानावर पडणारी ती एकटीच. म्हैस ठेवायची की विकायची, हेसुद्धा तिनं त्यालाच विचारून ठरवलं होतं.

डॉक्टरांनी इंग्रजीत दुखण्याचं एक लांबलचक नाव घेतलं. ते तिच्या डोक्यावरून गेलं, पुढचं मात्र नीट कळलं. रवळू वेडा नव्हता, भुताखेतानं झपाटलेलाही नव्हता. त्याच्या मनाची घडणच तशी होती, आणि रोजच्या विचारण्यानं ती आणखी पक्की होत गेली होती. गोळी थोडकीच. दर बुधवारी येऊन बोलायचं, आणि घरी त्याला चार माणसांत बसवायचं.

"आणि आक्का, ते विचारणं आजपासून बंद. पोरगा माणसांत यायला हवा ना?"

राजाबाईला उमगलं. आठ वर्षं लेकाला त्या उंबऱ्याशी आपणच बांधून ठेवलं होतं. आता त्याला सोडवायचं तर नवरा दुसऱ्यांदा जाणार होता.

"बंद करती," ती म्हणाली. मग लेकाकडं वळली.

"रवळू, तुझ्या बास्नी सांग रं. आजपास्नं मी काय इचारायची न्हाय. पोराच्या भल्यासाठी हाय म्हणावं. राग धरू नगा."

रवळूनं मान वळवून कोपऱ्यातल्या रिकाम्या बाकाकडं पाहिलं.

"बरं म्हणत्यात," तो म्हणाला.