शेवटचे पाणी

पक्षाघातानंतर श्रावणीच्या सासूबाईंना अकोल्याच्या दवाखान्यातून अमरावतीला घरी आणले होते. त्यांना गिळता येत नव्हते. तोंडाने पाण्याचा थेंबही दिला तर तो श्वासनलिकेत जाईल, असे डॉक्टरांनी बजावले होते. त्या दुपारी त्यांच्याच खोलीच्या खिडकीवर एक तांबट पक्षी धडकला आणि ओसरीत निपचित पडला.

श्रावणीने चपलांचा खोका रिकामा केला. "बाबा, त्याला नुसतं अंधारात ठेवू. भोवळ उतरली की आपणच उडेल. चोचीत पाणी मात्र घालू नका, गुदमरेल."

जन्मभर पौरोहित्य केलेले तिचे सासरे केशवराव पळी-पंचपात्र घेऊन खाली बसले होते. "चार बुकं शिकली म्हणून मले शिकवून राहिली काय? जाणारा जीव आहे तो. त्याले कोरड्या तोंडानं जाऊ देऊ?"

त्यांनी चोच उघडून तुळशीपत्र ठेवले आणि पळीभर गंगाजल सोडले. पक्ष्याने एकदा पंख झाडले आणि तो निश्चल झाला.

"पाह्यलं? गेलाच," ते समाधानाने म्हणाले. "निदान सद्गती तरी भेटली. तुह्या खोक्यात काय भेटलं असतं?"

संध्याकाळी सासूबाईंना धाप लागली. श्रावणीने डॉक्टरांना फोन लावला आणि केशवराव देवघराकडे वळले.



ते परतताना त्यांच्या हातातले पंचपात्र दिसले, तेव्हा तिने खोलीचे दार लोटले आणि आतून कडी घातली.