कोपरापाशी

उज्ज्वलाची जुनी बाही आता विरत चालली होती. छातीच्या कॅन्सरात तिच्या काखेतल्या गाठी काढल्या, तेव्हापासून तिच्या हातात पाणी साचून सूज धरायची. ही यांत्रिक बाही हातावर चढवली, की ती आपणहून हळुवार दाब देत ते पाणी खांद्याकडे सारायची. पण अशा बाहीला आधी कुणाच्या तरी हातानं शिकवावं लागे, आणि एकीचं शिकणं दुसरीत उतरत नसे. या जुन्या बाहीला उज्ज्वलाच्या नवऱ्यानं, दिगंबररावांनी शिकवलं होतं, दुधावरची साय सारावी इतक्या हलक्या हातानं. कोपरापाशी थांबून ते विचारायचे, "दुखतंय का गं?" बाहीनं ते थांबणंही उचललं होतं.

नवी बाही कोरी पडली होती आणि दिगंबरराव सारं विसरले होते. पुढं केलेल्या उज्ज्वलाच्या हाताकडे ते परक्या अंगणात आल्यासारखे बघत राहिले.

"आई, मी शिकवते ना तिला," त्यांची लेक मुक्ता म्हणाली.

"थांब जरा." स्वतःचाच स्पर्श त्यांना आठवेल, या आशेनं उज्ज्वलानं जुनी बाही नवऱ्याच्या हातावर चढवली. बाहीचा दाब मनगटापासून वर सरकला आणि कोपरापाशी थांबला.

"हा का थांबला?" त्यांनी विचारलं.

"दुखतंय का, विचारतोय."

"भला माणूस दिसतो. कोण आहे तुमचा?"

"घरचेच आहेत."

"मग सांगा त्यांना, नाही दुखत म्हणावं."

उज्ज्वलानं मान हलवली, नवी बाही चढवली आणि सुजलेला हात मुक्तापुढं धरला.