मिठातली गोगलगाय

संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवून पसरलेलं पोतं बद्रीनाथने सकाळी उचललं, तर खाली शंखी गोगलगायींची जत्राच भरलेली. सोयाबीनची कोवळी पानं खाऊन सगळ्या सुस्तावलेल्या. तो एकेक उचलून मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकू लागला.

त्याची लेक दीपमाला बांधावर उभी होती. संभाजीनगरला शिकलेल्या या पोरीला रत्नागिरीत समुद्री गोगलगायींच्या अभ्यासाचं काम मिळालं होतं. आज होकार कळवायचा होता, आणि नाना हो म्हणत नव्हते की नाही म्हणत नव्हते.

"आम्ही ह्यांना मारून मारून थकलो," तो वर न बघता म्हणाला, "अन् तू ह्यांच्याच मागं चालली. सारं खुलताबाद हसंल."

"हसू द्या की, नाना."

"हसण्याचं सोड." त्याने हात थांबवला. "आपण कोरड्या मुलखाची माणसं. तिथं खारं पाणी, खारी हवा, वळखीचं कुत्रंसुदिक नाय. तुला सोसंल का, बाई?"

घोडं इथं अडलं होतं तर. पोरीला इतके दिवस वाटत होतं, बापाला आपली लाज वाटते. तिला एकदम त्याची माया आली.

तिने मोबाइल पुढे धरला. बद्रीनाथने ओले हात सदऱ्याला पुसले आणि फोटो न्याहाळला. निळसर राखाडी अंग, त्यावर हळदीचे असावेत तसे पिवळे ठिपके, लालभडक शिंगं आणि पाठीवर तसाच लाल तुरा.

"ही गोगलगाय? नटून लग्नाला निघाल्यावाणी दिसती. कुठं ऱ्हाती?"

"रत्नागिरीला, गुजरातेत. तिकडं पार आफ्रिकेपर्यंत."

"इतक्या लांब? अन् पाठीवर शंख बी नाय?"

"नाय."

"मग मीठ कसं सोसती?"

"मिठातच ऱ्हाती, नाना. जन्मभर."

बद्रीनाथने बादलीत पाहिलं. पाण्यावर फेस आला होता. मग त्याने पुन्हा फोटो पाहिला. पोत्याखालची पुढची गोगलगाय उचलली, पण ती टाकावी की नाही, क्षणभर त्याला सुचेना. शेवटी टाकली, सोयाबीन तर वाचवायला हवं होतं.

घरी दीपमालाची आई चंपाबाई शेंगदाण्याची चटणी कुटत होती. काय ठरलं, हे विचारायची तिची छाती होईना. बद्रीनाथ ओसरीवर टेकला, तांब्याभर पाणी प्यायला.

"पोरीसंगं बांधून द्यायला चटणी जास्तीची कर," तो म्हणाला. "अन् मीठ बेतानं टाक. तिथं लई हाय."