पंख्याची घडी

“साहेब, अकरा वर्षांत तुम्ही माझं तोंड कधी पाहिलं नाहीत, मला ओळखलंत ते या घडीवरून,” हॉटेलच्या धोबीखान्यातली बाई मॅनेजरला म्हणाली. वाढदिवस म्हणून लेकीने तिला याच हॉटेलात दुपारच्या चहाला आणलं होतं. धोबीखान्यातल्या सवयीने तिने वापरलेला रुमाल पंख्यासारखा दुमडून ठेवला, तसा मॅनेजर येऊन कुजबुजला होता, “नोकरांनी पाहुण्यांत बसायचं नसतं. नोकरी हवी असेल तर मागच्या दाराने निघा.” “आई, चल, तमाशा नको,” लेक पुटपुटली. शेजारच्या बायका पावाचे नखाएवढे तुकडे चिमटीत धरून ओठ मुरडत होत्या. अशा बायका रुमालाला काय काय पुसतात, हे बाईला पाठ होतं. तिने किटलीतून दुसरा कप भरला. “या सभ्य लोकांचा शेंबूड धुवायला मी चालते. मग चहा प्यायला का चालत नाही? कुजबुजू नका, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा.”