दोघांच्या नावावर

"काकू, इथे सही करा." कारकुनाने कागदावर बोट ठेवलं. फिटरच्या बायकोने पेन उचललं आणि तसंच हातात धरून ठेवलं.

"अगं, कर की! लग्नातसुद्धा एवढी लाजली नव्हतीस," फिटर हसला. रंगाचा कारखाना बंद पडून अकरा वर्षं झाली, तरी वसाहतीत सगळे त्याला फिटरच म्हणत. या अकरा वर्षांत त्याने अर्ज केले, मोर्चे काढले, चपला झिजवल्या. अर्धी वसाहत कंटाळून निघून गेली. रिकाम्या खोल्यांत अनोळखी भाडेकरू आले. फिटर हटला नाही. आज कारखान्याच्या वसाहतीतल्या त्यांच्या राहत्या दोन खोल्या नवराबायकोच्या नावावर होत होत्या.

"कारखान्याला टाळं लागलं त्या दिवशी ही मोरीत जाऊन रडत होती," तो कौतुकाने सांगू लागला. "तेव्हाच ठरवलं, हिला हे घर सोडू द्यायचं नाही."

"करा सही, मी शिक्का घेऊन आलोच," म्हणत कारकून आत गेला.

"सुटले म्हणून रडत होते मी," बायको हळूच म्हणाली.

फिटरला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"तीस वर्षं त्या भोंग्यावर उठले, भोंग्यावर डबे भरले. दोरीवरचं पांढरं कापड कधी पांढरं वाळलं नाही. तुमच्या खोकल्यातसुद्धा रंग यायचा. वाटलं, आता तरी बाहेर पडू. माझ्या ताईने तिच्या शेजारच्या खोल्या धरून ठेवल्या होत्या आपल्यासाठी. चांगलं वर्षभर."

"मग बोलली का नाहीस?"

"रोज घसा बसवून घरी यायचात. म्हणायचात, हे सगळं तुझ्यासाठीच चाललंय. त्यावर काय बोलणार होते?"

"मग अजून जाऊ. ताईकडे..." फिटर बोलता बोलता थांबला. ताई वारली त्याला दोन वर्षं होऊन गेली होती.

बायको कागदावर वाकली. एकेक अक्षर जुळवत तिने सही केली. ती पुरी होण्याआधी तिने थांबावं असं त्याला फार वाटत होतं.

कारकून आला. त्याने दाबून शिक्का मारला आणि तोंडभरून हसला.

"अभिनंदन, काकू! आता तुम्हाला त्या घरातून कुणी म्हणजे कुणी हलवू शकणार नाही."