पक्का खांब

"डावीकडे घे. अगं, तुझ्या नाही, माझ्या डावीकडे!"

"तुझी डावी बाजू मागच्या शनिवारी उजवीकडे होती, म्हाताऱ्या," म्हणत नोलानं दुर्बिणीच्या माउंटचा, म्हणजे बैठकीचा, स्क्रू पिळला.

लान्स दुर्बिणीला डोळा लावून बसला होता. ऑस्ट्रेलियातल्या कूनाबाराब्रनच्या आभाळात ताऱ्यांचा नुसता सडा, पण दुर्बीण जुळवायला ध्रुवतारा म्हणावा असा एकही नाही. मग कुठलातरी तारा पकडायचा, तो कुठे सरकतो ते बघायचं, माउंट केसभर हलवायचं. पुन्हा बघायचं. एकाचा डोळा, दुसऱ्याचा हात. शेजारची नोला दर शनिवारी त्यासाठीच यायची, लॅमिंग्टन केकचा डबा घेऊन. तारा जागेवर थांबला की चहा व्हायचा आणि नोला घरी. ती वळली रे वळली, की लान्स सगळं सोडवून शेडमध्ये टाकायचा. तसंच उभं ठेवलं तर पुढच्या शनिवारी जुळवायचं काय?

बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. 'नोला, नुसतीच ये ना गप्पा मारायला,' हे दाढी करताना आरशाला कितीदा तरी ऐकवून झालं होतं. ती समोर आली की तोंडातून निघायचं फक्त 'डावीकडे'.

वाढदिवसाला मुलगा ब्रेट सिडनीहून आला. त्यानं अंगणात काँक्रीटचा खांब उभा केला, वर माउंट आवळलं आणि कॅमेरा लावून जुळवूनही दिलं.

"आता जन्मात जुळवायला नको, बाबा! नोलालाही सांगून आलो, सुटलीस म्हणून."

"वा," लान्स म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

शनिवारी नोला आली नाही. पुढच्याही नाही. मेला तारा जागचा हलेना. लान्सनं त्याला मनसोक्त शिव्या घातल्या. सवयीनं दोन कप चहा केला होता, दोन्ही स्वतःच प्यायला.

त्याच्या पुढच्या शनिवारी दिवस मावळताच तो पाना घेऊन खांबापाशी गेला. चोरासारखं इकडेतिकडे बघितलं. ब्रेटनं जीव खाऊन आवळलेल्या पहिल्या बोल्टला हात घातला.

बोल्ट बोटानंच गरगर फिरला. दुसराही. तिसराही. कुणीतरी आधीच सैल करून ठेवले होते.

कुंपणापलीकडून आवाज आला, "लान्स, तारा सरकत असेल तर बोल की रे! मी कधीची कोट चढवून उभी आहे."